लेखन मार्गदर्शन कक्ष की बसस्थानकाजवळचे टायपिंग सेंटर?

धारणी किंवा अहेरीसारख्या तालुक्याच्या गावी एम.ए.चा लघुप्रबंध लिहिणाऱ्यापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. टायपिंग सेंटरवर काम लवकर होते: कच्चे कागद द्यावेत आणि बांधणी केलेली प्रत न्यावी. अक्षरजुळणी व समास यांपुरती ही मदत उत्तमच आहे. मात्र ‘मजकूरही आम्हीच टाकू’ असे तेथे सांगितले जाते, तेव्हा खरी अडचण सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, 40 टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते आणि 60 टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते.

महाविद्यालयात लेखन कक्ष असेल, तर तेथे वेळ जातो, कारण मार्गदर्शक लिहून देत नाही. तो मसुदा मोठ्याने वाचायला लावतो, ‘या परिच्छेदात तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे?’ असे विचारतो आणि शुद्धलेखनाकडे शेवटी वळतो. घरी वऱ्हाडी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाण मराठीचा धाक असतो, आणि तो याच प्रश्नोत्तरांत ओसरतो. (वऱ्हाडीत आधी सांगून मग लिहिलेला मुद्दा पुष्कळदा अधिक स्पष्ट उतरतो.) सादरीकरणाला आठच दिवस उरले असतील, तरी निदान निष्कर्षाचे प्रकरण कक्षात दाखवावे आणि मगच टायपिंगला द्यावे.