नेरुळच्या हॉलमधला आंतोनिओनी

नेरुळ पूर्वेला एका क्लासच्या वरच्या मजल्यावर काही तरुण मुलं रविवारी संध्याकाळी जुने परदेशी सिनेमे दाखवतात. तिकीट दीडशे रुपये, चहा त्यातच. या महिन्यात इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो आंतोनिओनीचे चार सिनेमे ओळीने लावले होते: ‘लाव्हेंतुरा’, ‘ला नोत्ते’, ‘लेक्लिस्से’ आणि ‘रेड डेझर्ट’. 1960 ते 1964 मधले, आणि चारही सिनेमांत अभिनेत्री मोनिका व्हित्ती. निवडीला पैकीच्या पैकी मार्क. बाकीचं सांगतो.

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये, इन्स्ट्रुमेंटेशनला गेली. कलात्मक सिनेमातलं फार कळतं असं नाही. पण कुठल्याही मशीनचं सेटिंग बिघडलेलं असलं की मला तिथे बसवत नाही.

‘लाव्हेंतुरा’ला पहिली तक्रार. सहलीला गेलेली एक मुलगी ओसाड बेटावर नाहीशी होते, तिचा प्रियकर आणि मैत्रीण शोधत फिरतात आणि हळूहळू सिनेमाच तिला विसरतो. ती सापडत नाही, कारणही कळत नाही. 1960 ला कान महोत्सवात लोकांनी याची हुर्यो उडवली आणि त्याच महोत्सवात ज्यूरीचं बक्षीसही मिळालं. आपल्याकडे हुर्यो कोणी उडवली नाही. पण मुलांनी नसलेलं मध्यंतर घातलं, तेही बेटावर शोधाशोध चालू असताना! खडक, वारा, समुद्र, कोणी बोलत नाही, आणि अचानक दिवे लागून समोसे. समोसा चांगला होता, हे मात्र मान्य.

‘ला नोत्ते’ला 1961 चं बर्लिनचं गोल्डन बेअर आहे. मला जरा लांबला. बायकोला चौघांत तोच सगळ्यात आवडला. लग्न जुनं झालेल्यांनी पाहावा म्हणाली आणि घरी येईपर्यंत गप्प होती.

‘लेक्लिस्से’ नवी मुंबईकरांनी चुकवू नये. बराचसा सिनेमा रोमच्या एउर भागात घडतो. मुसोलिनीने 1942 च्या जागतिक प्रदर्शनासाठी तो वसवायला घेतला, युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही, वस्ती पुढे वाढत गेली. रुंद मोकळे रस्ते, आखीव झाडं, परांचीत अडकलेली अर्धवट इमारत. सिडकोच्या नोडमध्ये सुरुवातीला राहायला आलेल्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. शेवटची जवळपास सात मिनिटं नायक-नायिकेची ठरलेली भेटीची जागाच दिसते. पिंपातून पाणी गळतं, बस येते, अंधार पडतो. ती येत नाही, तोही येत नाही. शेअर बाजाराचा प्रसंग तर कमालीचा. वारलेल्या दलालासाठी सगळे एक मिनिट स्तब्ध उभे आणि फोन मात्र वाजताहेत. नेमका आमच्या मागेही एकाचा फोन वाजला, अर्ध्या हॉलला तो सिनेमातलाच वाटला.

आता ‘रेड डेझर्ट’. इटलीतल्या रावेन्नाच्या कारखान्यांचा परिसर, आंतोनिओनीचा पहिला रंगीत सिनेमा, 1964 चा व्हेनिसचा गोल्डन लायन. त्याने खरीखुरी झाडं आणि गवत रंगवून घेतलं, फळवाल्याच्या गाडीवरची फळंसुद्धा राखाडी केली. आणि आमच्या हॉलमधला प्रोजेक्टर रंग भडक करणाऱ्या ‘व्हिविड’ मोडवर! राखाडी फळांना हिरवट झाक. पाच मिनिटं सहन केलं, मग उठून ऑपरेटर मुलाला ‘सिनेमा’ मोड लावायला सांगितलं. त्याने वाद घातला नाही, लगेच लावला. फळं राखाडी झाली, धूर विषारी पिवळा दिसू लागला. दाराजवळची ट्यूबलाइट मात्र शेवटपर्यंत चालूच. सुरक्षेसाठी म्हणे. मग छोटा हिरवा दिवा लावा की.

कारखान्यातून वाफ सुटते तो प्रसंग बघताना मी खुर्चीत सरळ झालो. दोन माणसं बोलताहेत आणि वाफेच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नाही. प्लांटमध्ये अगदी असंच होतं. आम्ही हातवारे करून बोलायचो. पण आंतोनिओनी कारखान्याला नुसता राक्षस करत नाही. कारखानेही सुंदर असू शकतात असं तो म्हणायचा, आणि पाइपांच्या रांगा त्याने तशाच टिपल्या आहेत. सुंदर दिसतं आणि नायिकेचा जीवही घुसमटतो, दोन्ही एकदम. रात्रपाळीला दिव्यांनी उजळलेला प्लांट लांबून पाहिलेल्याला हे पटेल. शेवटी लहान मुलगा विचारतो, धूर पिवळा का? आई सांगते, विष आहे म्हणून. मग पाखरं मरतील? ती म्हणते, पाखरांना आता कळलंय, ती तिथून उडत नाहीत. पावण्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून घरी परतताना नाकाला रुमाल लावणाऱ्यांपैकी मी एक, त्यामुळे हसावं की काय कळेना.

प्रस्तावना करणारा मुलगा तयारीचा होता. आंतोनिओनीचा जन्म फेराराचा, 1912, बोलोन्याला अर्थशास्त्र, सुरुवात पो नदीकाठच्या माणसांवरच्या माहितीपटाने. 1985 ला पक्षाघाताने वाचा गेली, तरी 1995 ला जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या मदतीने त्याने सिनेमा केला, हे त्याने साधेपणाने सांगितलं. पण रोमच्या सफाई कामगारांवरचा छोटा माहितीपट राहिला. तोही लावा, दहा-बारा मिनिटांचाच आहे.

खुर्च्या प्लास्टिकच्या, उशी घरून न्या. एसीचा आवाज मागच्या रांगांत जास्त येतो, पुढे बसा. पुढच्या महिन्यात ‘द पॅसेंजर’ आहे, 1975 चा, जॅक निकल्सनवाला. शेवटाकडे सुमारे सात मिनिटांचा एकच शॉट आहे. कॅमेरा खोलीतून निघून खिडकीच्या गजांमधून बाहेर चौकात जातो. तेवढा वेळ चहाचा ट्रे फिरवू नका.