धर्मग्रामाची पतपेढी: व्याज परवडतं, जामीनदार परवडत नाही

पाचपैकी तीन तारे. पेढीचं नाव लिहीत नाही, कारण मॅनेजर माझ्या मावसबहिणीचा मुलगा आहे आणि नाताळला एकाच ताटात वड्या खायच्या आहेत.

मुलीच्या नर्सिंगच्या फीला दीड लाख कमी पडत होते. वसईत आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चखालच्या कुटुंबांच्या, चर्चच्या आवारातच पेढी. रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटली की काउंटर उघडतो, म्हणजे वाडीतलं काम टाकून जावं लागत नाही. अर्ज मराठीत, एका पानाचा. व्याज अकरा टक्के, लपवलेला चार्ज एकही नाही. हप्त्याची पावती मागावी लागत नाही. रोजची ठेव गोळा करणारी मुलगी पहाटे स्टेशनच्या जिन्याशी उभी असते. दादरला भाजी घेऊन निघालेल्या बायका डोक्यावरची पाटी न उतरवता कमरेची पन्नासची नोट काढून देतात, ती पासबुकात तिथल्या तिथे सही करते. या एका कामासाठी पाचवा तारासुद्धा दिला असता.

1918 साली मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी पापडीत पतसंस्था काढली, तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. आमची पेढी त्याच वळणाची, पण पिटुकली. काउंटरमागे पोप तेरावे लिओ यांची तसबीर आहे. 1891 मध्ये मजुरीच्या न्यायावर परिपत्रक काढणारे तेच. तसबिरीखाली पंख्याचा रेग्युलेटर, तो दोनच्या पुढे जात नाही.

आता जामीनदार. दोन लागतात, दोघंही सभासद. पहिला चुलतभाऊ. दुसऱ्यासाठी शेजारी गेलो. आमच्या दोघांच्या विहिरीचा बांध एक. 2009 ला महापालिका झाली, तेव्हापासून 29 गावं आत की बाहेर यावरून आमच्याकडे घरंच्या घरं फुटलीत. तो एका बाजूचा, मी दुसऱ्या. चहा दिला, फॉर्म वाचला, परत केला. "दादा, तुमच्या पोरीबद्दल काही नाही. पण तुम्ही त्यांच्या स्टेजवर बसलेलात." याच माणसाशी मी दर रविवारी मिस्सेत शांतीचा हात मिळवतो. सहीसाठी सतरा दिवस गेले, कॉलेजचा दंड भरला. पेढीच्या संचालक मंडळाची निवडणूकही याच दोन पॅनेलांत होते, तेव्हा मॅनेजर तरी काय करणार.

तरी माझं काम झालं. चर्चचा हॉल झाडणाऱ्या ताईंचं झालं नाही. त्या मूळच्या नगरकडच्या, प्रोटेस्टंट, नालासोपाऱ्यात भाड्याने राहतात. शिलाई मशीनला वीस हजार हवे होते. सभासदत्वाला धर्मग्रामाच्या वहीत कुटुंबाचं नाव लागतं, त्यांचं नाही. बरं, सरकारचं अनुसूचित जातीचं कर्जही नाही, कारण 1950 च्या आदेशात ख्रिस्ती बसत नाहीत. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, आपण बाहेरच. शेवटी त्यांनी बचतगटवाल्या कंपनीकडून उचललं, दर बुधवारी हप्ता.

मी सर्वसाधारण सभेत विचारलं, की तालुक्यात राहणाऱ्या कुणाही ख्रिस्ती माणसाला सभासद का करत नाही? उत्तर आलं, सहकारात एका सभासदाला एक मत, उद्या भाडेकरू पॅनेल निवडून आणतील. गंमत म्हणजे ते बोलणारा आमच्या बाजूचा होता आणि टाळ्या दोन्हीकडून पडल्या. 29 गावांवर इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते तिथे दोन मिनिटांत जमलं.

येत्या सप्टेंबरच्या सभेसाठी पोटनियम बदलायचा ठराव लिहून दिलाय. सूचक मी, अनुमोदक अजून मिळालेला नाही.

कर्जाला जाणार असाल तर शेअर सर्टिफिकेट मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही. आणि जामीनदार आधी शोधा, फॉर्म नंतर घ्या; फॉर्मची मुदत तीस दिवसच असते.