बहात्तरचा दुष्काळ समजून घेताना: डिल्टाय की गाडामर?
बीडकडची आजी १९७२ चं सांगते: खडी फोडली, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाल्ली, लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) घशाखाली उतरेना. जर्मन तत्त्वज्ञ विल्हेल्म डिल्टाय (१८३३–१९११) म्हणेल, तिच्या जागी उभे राहा, ते जगणं मनात पुन्हा अनुभवा. शिस्त चांगली, पण टँकरच्या पाण्यावर वाढलेल्यानं ती भूक आणायची कुठून? दुसरा जर्मन तत्त्वज्ञ हान्स-गेओर्ग गाडामर, त्यानं १९६० मध्ये मांडलं की पूर्वग्रह, म्हणजे परंपरेतून आलेल्या आपल्या आधीच्या समजुती, पुसले जात नाहीत. ते घेऊनच ऐकायचं आणि समोरच्याच्या बोलण्यानं हलू द्यायचे. आपण विचारतो, "लई हाल झाले असतील?" आजी म्हणते, "झाले की. पण मजुरी माझ्या हातात पडायची, बाबा." झालं, प्रश्नच बदलला! म्हणून माझा कल गाडामरकडे. जर्मन विचारवंत हाबरमासनं मात्र गाडामरला परंपरेवरच्या भरवशावरून धरलं, तेही रास्तच. गावचा पाणवठा कुणाला बंद होता, हे परंपरा आपणहून थोडीच सांगते?