बंगळुरूची गाडी पुण्यात आणताना: जुना क्रमांक, एमएच, बीएच की विक्री?

निपाणी सोडून, कोगनोळीचा नाका मागे टाकून कागलमध्ये शिरेपर्यंत गाडीत काहीच बदललेले नसते. रस्ता तोच, फास्टॅग तोच आणि विमाही तोच असतो. मात्र तिथून पुढे ती परराज्यातील गाडी ठरते आणि ती महाराष्ट्रातच राहणार असेल, तर मालकापुढे चार मार्ग उरतात. कर्नाटकचा क्रमांक तसाच ठेवावा, महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा, बीएच म्हणजे राज्य बदलले तरी न बदलणाऱ्या ‘भारत’ क्रमांकांच्या मालिकेत जावे किंवा गाडी बंगळुरूतच विकून पुण्यात दुसरी घ्यावी. काही वर्षांपूर्वी बदली झाली तेव्हा या चारही मार्गांचा हिशेब मी वहीत मांडला होता आणि अखेर दुसरा मार्ग पत्करला. त्यानंतर कार्यालयातील अनेक सहकाऱ्यांच्या फायली जवळून पाहिल्या. बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते, असे माझे मत झाले आहे. कर किती भरावा लागेल हे सगळे विचारतात. आपण इथे किती वर्षे राहणार आणि गाडी आपल्याकडे किती वर्षे राहणार, हे मात्र आधी कोणी ठरवत नाही.

एकाच देशात दोनदा कर का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यात झालेली नोंदणी भारतभर ग्राह्य असते, त्यामुळे नुसत्या सीमा ओलांडण्याने कोणताही नियम मोडत नाही. वाहनांवरील कर हा विषय मात्र राज्यघटनेने राज्यसूचीत ठेवला आहे आणि प्रत्येक राज्य आपल्या रस्त्यांवर वावरणाऱ्या गाडीचा कर स्वतः घेते. खासगी मोटारीचा हा कर बहुतेक राज्ये सुरुवातीलाच संपूर्ण आयुष्याचा म्हणून एकरकमी वसूल करतात. त्यामुळे तीन वर्षांनी राज्य बदलले की उरलेल्या वर्षांचा भरलेला कर एका राज्याकडे अडकून पडतो आणि त्याच वर्षांचा कर दुसरे राज्य मागते. पहिल्या राज्याकडून परतावा मिळतो, पण तो आपोआप मिळत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो.

पहिला मार्ग म्हणजे जुना क्रमांक तसाच ठेवणे. कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली गेली, तर नव्या क्रमांकासाठी अर्ज करणे मालकावर बंधनकारक होते. म्हणून पुण्यातील काम आठ-दहा महिन्यांचे असेल, तर केए ०३ या बंगळुरूच्या क्रमांकाला हात लावण्याचे कारण नाही. गाडी कधी आली याचा पुरावा मात्र जवळ असावा. फास्टॅगचे टोल-विवरण, घरसामान हलवल्याची पावती, बंगळुरूतील शेवटच्या सर्व्हिसिंगचे बिल अशा साध्या कागदांवर रस्त्यातला वाद मिटतो. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणी घर असलेल्या कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची केए २२ ची गाडी दर आठवड्याला घरी परतत असेल, तर ती महाराष्ट्रात ‘ठेवलेली’ आहे असे म्हणता येत नाही आणि अशा कुटुंबांनी नाहक धास्ती घेऊ नये. बारा महिन्यांची ही मुदत नोंदणीसाठी आहे, हेही ध्यानात असावे. कराचा कायदा राज्याचा आणि स्वतंत्र आहे, त्यामुळे ‘वर्षभर कोणी काही विचारणारच नाही’ हा समज बाळगू नये. दोन-तीन वर्षे तसेच रेटणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा कर वाचलेला नसतो, फक्त पुढे ढकललेला असतो.

दुसरा मार्ग महाराष्ट्राचा क्रमांक घेण्याचा. हा सर्वांत किचकट आहे, पण चार-पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ इथे राहणाऱ्यासाठी मला तोच योग्य वाटतो. त्याची सुरुवात पुण्यात होत नाही, बंगळुरूत होते. मूळ आरटीओकडून कलम ४८ खाली ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये असतो आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे संमतिपत्र त्याला जोडावे लागते. वाहतूक दंडाची चलने थकलेली नसावीत आणि कर भरलेला असावा, म्हणजे अर्ज अडत नाही. तीस दिवसांत मंजुरी किंवा नकार कळवला नाही, तर प्रमाणपत्र दिल्याचे मानले जाईल अशी तरतूद कायद्यात आहे. तरीही हातात कागद नसताना पुण्याची खिडकी गाठू नये.

या प्रमाणपत्रावर गाडी कोणत्या आरटीओकडे जाणार आहे ते लिहिलेले असते, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली. मी ‘पुणे’ म्हणून एमएच १२ लिहिले, घर मात्र वाकडला घेतले होते आणि वाकड पिंपरी-चिंचवडच्या, म्हणजे एमएच १४ च्या हद्दीत येते. प्रमाणपत्र दुरुस्त करून घेण्यासाठी पुन्हा बंगळुरूची फेरी झाली, तोवर बँकेच्या पत्राची मुदत संपली आणि तेही नव्याने मागवावे लागले. दोन महिने एका अंकापायी गेले. म्हणून माझा आग्रह आहे की, पुण्यातील भाड्याचा करार नोंदवून झाल्याशिवाय ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज भरू नये. तो करार पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे लागतोच.

इथे आल्यावर नमुना २७ मध्ये नव्या क्रमांकासाठी अर्ज होतो. सोबत मूळ आरसी, ना-हरकत प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जावर चेसिस क्रमांकाचा ठसाही लागतो आणि हे काम वाटते तितके क्षुल्लक नाही. माझ्या गाडीचा क्रमांक पुढच्या सीटखाली, गालिच्याच्या कापलेल्या झडपेआड होता. आरटीओबाहेरच्या माणसाने झडप उचलली, फडक्याने धूळ पुसली, कोरलेल्या अक्षरांवर पेन्सिल आडवी घासली आणि वर सेलोटेप दाबून ती अलगद उचलली. टेपवर उमटलेली सतरा अक्षरे त्याने अर्जावर चिकटवली. त्यातील एक अक्षर पुसट होते म्हणून निरीक्षकांनी ठसा परत काढायला लावला. गाडी दाखवायला नेण्याच्या आदल्या दिवशी आपल्या गाडीत हा क्रमांक कुठे आहे ते शोधून ती जागा स्वच्छ करून ठेवावी.

आता कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील नव्या पेट्रोल मोटारीचा एकरकमी कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेलसाठी हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. कंपनीच्या नावावर नोंदणी असेल तर दर २० टक्के होतो, त्यामुळे व्यवसायाच्या नावावर असलेली गाडी आणणाऱ्याने हिशेब वेगळा करावा. कर्नाटकात आजीवन कर दहा ते वीस लाखांच्या गाडीवर १७ टक्के आहे आणि त्या करावर ११ टक्के उपकर आहे. बारा लाखांच्या पेट्रोल गाडीचे उदाहरण घेतले, तर बंगळुरूत २,०४,००० रुपये कर आणि २२,४४० रुपये उपकर जातो, म्हणजे एकूण २,२६,४४० रुपये. महाराष्ट्रात नव्या गाडीचा मूळ कर १,४४,००० रुपये होतो. परराज्यातून आलेल्या वापरलेल्या गाडीला हा पूर्ण आकडा लागत नाही. गाडीचे वय वाढेल तशी आकारणी उतरत जाते. कर्नाटकचा परतावाही वयानुसार उतरतो.

या आकड्यांतून एक गोष्ट निघते. कर्नाटकातून महाराष्ट्रात येणाऱ्याने जास्त दराने कर भरलेला असतो आणि त्याला कमी दराच्या राज्यात भरायचे असते, त्यामुळे परतावा मिळवला तर त्याचे नुकसान मर्यादित राहते. पुण्याहून बंगळुरूला जाणाऱ्याला मात्र दोन्हीकडून चिमटा बसतो, कारण परतावा कमी दराचा आणि भरणा चढ्या दराचा. त्याने खालच्या दोन मार्गांचा विचार अधिक गांभीर्याने करावा. परताव्याचा अर्ज नवी आरसी हातात आल्यानंतर मूळ आरटीओकडे करायचा असतो. त्यासाठी कर भरल्याची मूळ पावती लागते आणि अनेकांची ती गाडीच्या कप्प्यात भिजून गेलेली असते. या शेवटच्या टप्प्याला कंटाळून लोक अर्जच करत नाहीत. मला याचे फार वाईट वाटते, कारण तो त्यांचाच पैसा आहे आणि सगळा हिशेब त्याच्यावरच उभा असतो.

नवा क्रमांक मिळाला की उच्च सुरक्षा पाटी नवी बसवावी लागते, विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर क्रमांक बदलून घ्यावा लागतो आणि फास्टॅगवरचाही. विम्याची नोंद राहून गेली आणि मध्येच अपघात झाला, तर दाव्याच्या वेळी विनाकारण खुलासे देत बसावे लागते.

तिसरा मार्ग बीएच मालिकेचा. केंद्राची अधिसूचना ऑगस्ट २०२१ ची असून ही मालिका १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. लष्करी कर्मचारी, केंद्र व राज्य सरकारांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच ज्या खासगी कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत आहेत तिचे कर्मचारी यांनाच ती मिळते. खासगी कर्मचाऱ्याला नमुना ६० मध्ये कंपनीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. राज्य बदलले तरी क्रमांक बदलत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. कर दहा लाखांपर्यंत ८, वीस लाखांपर्यंत १० आणि त्यापुढे १२ टक्के या दरांनी ठरतो, डिझेलला दोन टक्के जास्त आणि विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. तो एकदम न घेता दोन-दोन वर्षांचा घेतला जातो, त्यामुळे पुढच्या वर्षांचा कर कोणत्याही राज्याकडे अडकत नाही. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या बँक अधिकाऱ्याला किंवा सैनिकाला यापरता दिलासा नाही.

तिच्या मर्यादाही आहेत. दोन वर्षांचा कर ठरल्या वेळी भरला नाही, तर दिवसाला शंभर रुपये दंड चढतो. आणि ही तारीख कोणी आठवण करून देईल या भरवशावर राहणे धोक्याचे. विकताना घेणारा या मालिकेला पात्र नसेल, तर त्याला आपल्या राज्याचा कर भरून साधी नोंदणी करावी लागते आणि तो खर्च तो तुमच्या किमतीतूनच कापून घेतो. डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीने आधी साधी नोंदणी असलेली गाडीही बीएचमध्ये नेण्याची वाट उघडली आहे, परंतु सगळ्याच कार्यालयांना या प्रकरणांचा सराव असतो असे नाही. नवी गाडी घेतानाच बीएच घेणे सोपे पडते. म्हणून मी बीएचची शिफारस ज्याची पुढची बदली आजच दिसते आहे त्यालाच करतो. वाकडला घर विकत घेऊन स्थिरावणाऱ्याला नव्हे.

इथे या चारही मार्गांहून वेगळी, न सांगितलेली वाटही पुष्कळांच्या मनात असते, ती म्हणजे कमी कराच्या राज्यात नातेवाइकाच्या पत्त्यावर गाडी नोंदवण्याची. सिंधुदुर्गातून रोज गोव्यात कामाला जाणाऱ्याचे तिथे खरोखर राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण असेल, तर तिथली नोंदणी रीतसर आहे. केवळ पाटीवर जीए दिसावे म्हणून खोटा पत्ता दिला, तर कलम ५५ खाली ती नोंदणी रद्द होऊ शकते. तो मार्ग मी तुलनेतही धरत नाही.

राहिला विक्रीचा मार्ग. गाडी आठ-दहा वर्षांची असेल, तर मी निःसंकोच विका असे सांगेन. कागदपत्रांचा व्याप दोन वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या गाडीला सारखाच असतो, परतावा मात्र नाममात्र उरतो. केए क्रमांकाच्या गाडीला बंगळुरूत गिऱ्हाईक सहज मिळते. तीच गाडी पुण्यात आणून विकायला काढली, तर नोंदणी बदलण्याची कटकट दाखवून दर पाडला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने नवी लहान गाडी घेणाऱ्याच्या बाजूनेही पारडे थोडे झुकले आहे. दावा न केल्याची विम्यातील सवलत गाडीबरोबर जात नाही, ती मालकाची असते. विक्रीचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला ती लावता येते.

विकताना घाई मात्र एका ठिकाणी करू नये. घरसामानाचा ट्रक निघायचा असतो, पैसे खात्यात आलेले असतात आणि ‘नाव नंतर बदलून घेतो’ असे म्हणत घेणारा चावी मागतो. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीवर ज्याचे नाव आहे त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होऊन अर्ज दाखल झाल्याची पोच हातात घ्यावी आणि परिवहन संकेतस्थळावर घेणाऱ्याचे नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नये, मग त्यासाठी पुण्याहून दोन-चार फोन करावे लागले तरी चालतील.