कॅलिपरला रंग: स्प्रे, ब्रश की पावडर कोटिंग?

कळंगुट-कांदोळी पट्ट्यात उघड्यावर उभ्या असणाऱ्या गाड्यांच्या अलॉय चाकांतून आत बघा. कॅलिपर, म्हणजे चाकामागच्या डिस्कला पॅडने चिमटून ब्रेक लावणारा भाग, बहुधा तांबूस झालेला दिसेल. ओतीव लोखंड, खारं वारं आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस, गंज धरणारच. म्हणून गोव्यात रंग निवडताना मी शोभेच्या आधी गंजाचा विचार करतो.

उष्णता सोसणारा स्प्रे सगळ्यांत स्वस्त आणि झटपट. पण त्याचा थर पातळ बसतो, हात जास्त मारावे लागतात. फवारा उडतो म्हणून डिस्क, पॅड, टायर सगळं झाकावं लागतं. ब्रेक ऑइलचा थेंब पडला की बरेच स्प्रे सुटतात. साधा एनॅमल स्प्रे मात्र घेऊच नका. चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापले की तो काळवंडतो, पापुद्रे निघतात.

ब्रशने लावायचा, हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) मिसळायचा रंग महाग पडतो, आणि एकदा कालवला की ठरलेल्या वेळेत संपवावा लागतो. तरी माझं मत त्यालाच. थर जाड बसतो, खाचाखोचांत पोचतो, ब्रेक ऑइलला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि कॅलिपर गाडीवरून उतरवावाही लागत नाही. बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, तिथे कॅलिपर नसतो, म्हणजे रंगवायचे फक्त पुढचे दोन. खर्चाचा फरक मग तितका बोचत नाही.

पावडर कोटिंग टिकायला उत्तम, पण भट्टीत साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला रबरी सील टिकत नाहीत. पिस्टन (पॅड दाबणारा दट्ट्या) आणि सील काढायचे, नवं सील किट घालायचं, ब्रेक ऑइल भरून हवा काढायची. सील गळतात म्हणून कॅलिपर गॅरेजमध्ये उघडणारच असेल, तरच हा पर्याय धरा. घरी हे काम नको.

रंग कोणताही घ्या, टिकतो तो तयारीवर. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, स्टँड लावा. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. मग तारेचा ब्रश, आणि ब्लीड निपलच्या (ब्रेकमधली हवा काढायची छोटी तोटी) बुडाशी जास्त वेळ घाला, गंज तिथेच लपतो. निपलचं तोंड, पिस्टनचं रबरी बूट, स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) आणि पॅड सरकतो ती जागा कोरी ठेवा. तिथे रंगाचा जाड थर बसला तर पॅड अडकतो, चाक ओढू लागतं, तापतं.

पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत रंग पांढरट पडतो, चिकट राहतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे कोरडे दिवस बरे, तेही दव सुकल्यावर.

किनाऱ्यापासून आत साखळी-फोंड्याकडे राहता, गाडी छपराखाली असते आणि चाकांवर कॅप आहेत? मग चांगला काळा स्प्रे पुरेल. किनाऱ्यावर राहत असाल तर ब्रशचाच घ्या.