वस्तीवरचं सोलर, दहा महिन्यांनंतर: पॅनल बरोबर होतं, बॅटरीची जागा आणि वायर चुकली होती

आमची वस्ती सोलापूरजवळ मंद्रूपकडं, गावापासून दोन किलोमीटर आत. शेतीची थ्री फेज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि घरगुती सिंगल फेजचे पोल आमच्यापर्यंत आलेलेच नाहीत. अण्णा रात्री उसाच्या पाण्याची दारं धरायला वस्तीवरच झोपतात, चारी बाजूनं ऊस, काळं रान, अंधारात पायाखाली काय येईल सांगता येत नाही, म्हणून संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली त्याच आठवड्यात मी सोलर बसवून घेतलं. आता दिवाळी होऊन गेली. घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सामान असं: १६५ वॅटचे दोन पॅनल सिरीजमध्ये (एकापुढं एक जोडलेले), ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला लागेल तशी करून चार्ज करणारा), १२.८ व्होल्ट १५० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १००० व्हीएचा प्युअर साइन इन्व्हर्टर. निम्म्याच्या आसपास पैसे एकट्या बॅटरीला गेले आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. आधी घरची जुनी ट्यूबलर, म्हणजे ॲसिडची बॅटरी होती, ती हलवायला दोन माणसं लागायची आणि निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं. ही मी एकटा उचलतो आणि ८०-९० टक्के बिनधास्त वापरतो.

लोड म्हणाल तर दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, चार एलईडी, फोर-जी सिमवाला एक कॅमेरा, मोबाईल, आणि आई आली की मिक्सर. फ्रीज नाही.

फेब्रुवारीत इतकं छान चाललं की मी सगळ्यांना सांगत सुटलो, दुपारी ३३० पैकी २९० वॅट दिसायचे. मग एप्रिल लागला आणि गाडी घसरली. ऊन तर कडक, आकाश स्वच्छ, तरी आकडा २५०-२५५ च्या वर जाईना. मला वाटलं पॅनल बिघडलं. बिघडलं काही नव्हतं, पॅनलवरचा वॅटचा आकडा सेल २५ अंशाला असताना मोजलेला असतो, आणि सोलापुरात ४२-४३ चा पारा असताना पत्र्यावरच्या पॅनलचा सेल ६५ च्या पुढं जातो, प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्का कमी धरा म्हणजे सरळ १६ टक्के गेले. आमच्या मिस्त्रीनं पॅनल पत्र्याला जवळजवळ चिकटवून लावलं होतं, मी अँगल लावून सहा इंच वर घेतलं, खालून वारा खेळायला लागला आणि थोडा फरक पडला. तोंड दक्षिणेला, तिरकेपणा १८ अंशाच्या आसपास, आपल्या अक्षांशाला तेवढाच बसतो.

खरा त्रास बॅटरीचा झाला. ती पत्र्याच्या खोलीत भिंतीवर वरच्या बाजूला फळीवर ठेवली होती, उंदीर नकोत म्हणून. मे महिन्यात एका रात्री तीन वाजता पंखे बंद पडले, अण्णांचा फोन, "अरे लाइट गेली की." सकाळी जाऊन ॲप बघितलं तर आदल्या दिवशी दुपारी बॅटरीच्या सेलचं तापमान ५६ आणि बीएमएसनं, म्हणजे बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटनं, चार्जिंगच तोडलेलं. म्हणजे वर पॅनल उन्हात उभं आणि खाली बॅटरी उपाशी. लिथियमला ४५ अंशाच्या वर चार्ज करू नये असं तिच्या कागदावरच लिहिलंय, पण दुकानदारानं पत्र्याचं घर आहे का हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शेजारी आजोबांच्या वेळचं माळवद आहे, जाड मातीच्या भिंती, वर मातीचाच थर, मेमध्येसुद्धा आत गेलं की जिवाला बरं वाटतं. बॅटरी तिथं खाली कोपऱ्यात विटांवर नेली आणि त्या दिवसापासून एकदाही चार्जिंग तुटलं नाही. शेतात जुनं माळवद असेल तर पाडू नका हो, बॅटरीसाठी याच्यापेक्षा चांगली खोली विकत मिळणार नाही.

पण जागा बदलली तसं अंतर वाढलं आणि नवीनच दुखणं सुरू झालं. पंखे-लाइट तोवर थेट बॅटरीच्या १२ व्होल्टवर घेतले होते, पंख्यापर्यंत १४ मीटर वायर झाली, मिस्त्रीनं घरात असते तीच १ स्क्वेअर एमएम ओढली, २३० व्होल्टला ती चालते. पंखे मरगळल्यासारखे फिरायचे, एलईडी पिवळट. मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर १३.२ आणि पंख्यापाशी १० च्या आत! १२ व्होल्टला तेवढ्याच वॅटसाठी करंट जवळजवळ वीसपट लागतो आणि जाण्यायेण्याची मिळून वायर होते २८ मीटर, सगळे व्होल्ट वाटेतच संपत होते. ४ स्क्वेअर एमएम तांब्याची टाकली, आता पाऊण-एक व्होल्टच जातो. कंट्रोलर मात्र बॅटरीजवळच ठेवला, लांब वायर पॅनलच्या बाजूला घेतली, कारण तिथं ३६ व्होल्ट आहेत आणि करंट फक्त नऊ अँपिअर. इन्व्हर्टर बॅटरीपासून एक मीटरवर, २५ स्क्वेअर एमएमच्या केबलनं, कारण मिक्सर लावला की तो ४५ अँपिअर ओढतो. पैसे वाचवायचेत तर पॅनलच्या ब्रँडमध्ये वाचवा, तांब्यात वाचवू नका.

इन्व्हर्टरचं अजून एक. सुरुवातीला सगळा लोड मी त्याच्यावरच ठेवला होता, बटण कायम चालू. शंट मीटर (बॅटरीत किती करंट आला-गेला ते मोजणारा) बसवल्यावर कळलं की काहीच लावलेलं नसताना तो १.१ अँपिअर खातोय, म्हणजे १४ वॅट, दिवसाचे ३३६ वॅट-तास, आमच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त! आता पंखे-लाइट थेट डीसीवर, कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा कन्व्हर्टर (चार्जिंगला बॅटरी १४ च्या वर जाते, थेट लावू नका), आणि इन्व्हर्टर फक्त मिक्सरपुरता. शंट मीटर पहिल्या दिवसापासून पायजे होता. या बॅटरीचा व्होल्टेज ९० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना जवळपास सारखाच दिसतो, त्याच्यावरून किती उरलीय काही कळत नाही.

आपल्याकडं सप्टेंबरमध्ये चांगला पाऊस असतो. सलग चार दिवस ढग राहिले, एरवी हजार-बाराशे वॅट-तास येतात तिथं तीनशेच्या आसपास आले. एक पंखा आणि दोन लाइटवर काढले ते दिवस, कॅमेरा चालू ठेवला. बॅटरी १८ टक्क्यांपर्यंत उतरली पण बंद पडली नाही. इन्व्हर्टर चालू असता तर तिसऱ्याच रात्री अंधार होता.

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे आणि तो लिहिणारच. मिस्त्रीनं बॅटरीला साधी घरातली एसी एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) लावली होती आणि फ्यूज नव्हताच. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीचा येत नाही, ती एमसीबी करंट तोडताना आतच जळू शकते. वस्तीवर कडबा असतो, गोठ्यात जनावरं बांधलेली असतात, अण्णा झोपलेले असतात. मी डीसी एमसीबी आणि बॅटरीच्या प्लस टर्मिनलपाशीच फ्यूज लावून घेतला. बिल देण्याआधी या दोन गोष्टी स्वतः डोळ्यांनी बघा.

धूळ तर विचारू नका, ज्वारीच्या मळणीच्या वेळी पॅनल दोन दिवसात राखाडी होतं. बोअरच्या पाण्यानं धुतलं की पांढरे डाग पडतात, मी पावसाचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवतो आणि सूर्य वर यायच्या आत फडक्यानं पुसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. लिंबाची एक फांदी चारनंतर एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली टाकायची, सिरीजमध्ये असल्यामुळं एवढ्याशा सावलीनं बरेच वॅट जायचे, ती छाटली.

फ्रीज चालेल का असं शेजारचे तीन जण विचारून गेले. छोटा डीसी फ्रीजसुद्धा आमच्या उन्हाळ्यात दिवसाला पाचशे-सहाशे वॅट-तास सहज खाईल, म्हणजे आहे त्या सेटमध्ये नाही. अजून दोन पॅनल बसवले तर बघू, माळवदात दुसऱ्या बॅटरीपुरती जागा आहे.