वारसा लावायचा आहे म्हणून नेलं आणि आईकडून, आम्हा बहिणींकडून हक्कसोड करून घेतलं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी बाजूच्या सगळ्या बहिणींनी हे वाचा, आणि ज्यांच्या आईला वाचता येत नाही त्यांनी आईला वाचून दाखवा. वडील वारल्यावर घरातलं कुणी "वारसा लावूया, सही करायला चला" म्हणत असेल तर आधी हे वाचा आणि मगच घराबाहेर पडा.

आमची जमीन बेळगाव तालुक्यातच आहे, गावाचं नाव सांगत नाही. आप्पांनी स्वतः कष्टानं घेतलेली, भात आणि रताळी करायचे, नंतर शहर वाढत वाढत आमच्या बांधापर्यंत आलं आणि जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलायला लागले. आप्पा गेले तेव्हा मृत्युपत्र काही नव्हतं. म्हणजे आई, दादा आणि आम्ही दोघी बहिणी, चौघांचा सारखा हिस्सा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. वडिलोपार्जित जमीन असेल तर २००५ ची दुरुस्ती लागते, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की २००५ च्या आधी वडील वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही. तेव्हा "लग्न करून दिलं, सोनं घातलं, आता तुमचं काय राहिलं" हे जे आपल्याकडं प्रत्येक घरात बोललं जातं त्याला कायद्यात काडीचा आधार नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि दादाचा फोन आला, उताऱ्यावर अजून आप्पांचंच नाव आहे, पीककर्ज मिळेना, वारसा लावायला तुम्हा दोघींच्या आणि आईच्या सह्या पाहिजेत. गेलो, तर दादानं सबरजिस्ट्रार ऑफिसात नेलं. कागद सगळा कन्नडमध्ये. आमची शाळा मराठी, आई तर दुसरीपर्यंतच शिकलेली. मी तिथंच म्हटलं, मला वाचून दाखवा, काय लिहिलंय कळल्याशिवाय मी सही करणार नाही. दादा म्हणाला, "काय गे, भावावर विश्वास नाही काय?" मी म्हटलं विश्वासाचं नाही, वाचा. तेव्हा बॉण्ड रायटरनं चष्मा लावला आणि मराठीत सांगत वाचलं, अमुक तारखेला मयत, त्यांची बायको अमुक, मुलगा अमुक, मुली अमुक आणि अमुक, हे सगळे कायदेशीर वारस, सर्वे नंबर हा, क्षेत्र एवढं. सगळं बरोबर होतं, नावं पण बरोबर. आता कळतंय की तो पहिलंच पान वाचत होता. पुढच्या पानावर आम्ही तिघी आमचा सगळा हक्क काही मोबदला न घेता दादाच्या नावे सोडतोय असं लिहिलं होतं, आणि ते पान त्यानं उच्चारलंच नाही. मग आत कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठा, साहेबांनी कन्नडमधून काहीतरी विचारलं, दादा म्हणाला हौदु (म्हणजे होय) म्हणा, आम्ही हौदु म्हटलं. येताना त्यानं आम्हाला जेवायला पण घातलं.

हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे, वारसा नोंदीला सबरजिस्ट्रारकडं जावं लागत नाही. वडील वारल्यावर वारसा लावायचा तर मृत्यूचा दाखला आणि वंशावळ जोडून नाडकचेरीत (होबळीच्या महसूल ऑफिसात) नाहीतर तालुका ऑफिसात अर्ज करायचा असतो, ते महसूल खात्याचं काम आहे. रजिस्टर ऑफिसात नेऊन स्टॅम्प पेपरवर फोटो अंगठा घेतात म्हणजे तुम्ही काहीतरी देताय, सोडताय किंवा विकताय. हक्कसोड, दानपत्र, वाटणीपत्र, खरेदी, यातलंच काहीतरी. हे एवढं कुणी आम्हाला आधी सांगितलं असतं तर आईवर ही वेळ आली नसती. आणि नाडकचेरीतल्या वंशावळीतसुद्धा मुलींची नावं गाळून देणारे आहेत, तिथलीही कॉपी मागून घ्या.

कळलं कसं, तर शेजारच्या शेतातल्या काकांनी बहिणीला विचारलं की तुमच्या रानात प्लॉटचे दगड रोवायलेत, विकलं काय. मी भूमीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमीन उताऱ्यांच्या साईटवर सर्वे नंबर घालून उतारा काढला, मालकाच्या नऊ नंबरच्या कॉलममध्ये फक्त दादाचं नाव. मग दस्ताची नक्कल काढली, माझ्या मुलीला शाळेत कन्नड आहे, तिनं बसून ओळ न् ओळ वाचली आणि आई ऐकत होती. आई दादाकडंच राहात होती. तिनं त्याला विचारलं तर वैनी म्हणाली तुमचं आता इथं काही नाही, राहायचं तर गप राहा. ज्या जमिनीत त्या बाईनं जन्मभर चिखल तुडवून भात लावलं त्या जमिनीवरून तिला हे ऐकवलं. आता ती माझ्याकडं आहे.

वकिलांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे आईसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, त्याचं कलम २३. आईवडिलांनी जमीन किंवा घर मुलाच्या नावे केलं, सांभाळ करायची अट होती आणि त्यानं सांभाळलं नाही, तर एसी साहेबांपुढं (असिस्टंट कमिशनर, म्हणजे प्रांत) अर्ज करून ते रद्द करून घेता येतं. आपल्या जिल्ह्यात एसी ऑफिस बेळगाव, बैलहोंगल आणि चिक्कोडीला आहे. पण अडचण अशी की आमच्या कागदात सांभाळाची अटच नाही, मुद्दाम घातली नव्हती. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अट दाखवावी लागते, २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका केसमध्ये म्हटलं की हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूनं उदार मनानं वाचायचा. म्हणून जे आईवडील स्वतःच्या मर्जीनं मुलाला द्यायलेत त्यांनी "मरेपर्यंत सांभाळ, औषधपाणी, राहायला जागा" हे त्याच दस्तात लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर जाऊ नका. पोटगीसाठी मात्र अटीची गरज नाही, तो अर्ज आम्ही घातलाय.

दुसरी वाट दिवाणी कोर्टाची, दस्त रद्द करा आणि वाटणी द्या. याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळं "घरातलं घरात मिटवूया, दिवाळी होऊ दे, पंच बसवूया" असं म्हणत कुणी दिवस घालवत असेल तर बोलणी करा पण दावा आधी दाखल करा. विजापूरकडच्या निंगव्वा नावाच्या बाईची केस १९६८ साली सुप्रीम कोर्टात लागली होती, नवऱ्यानं दानपत्रात सांगितल्यापेक्षा जास्त जमीन घालून सही घेतली होती, आणि कागद कसला आहे हेच खोटं सांगितलं तर तो दस्त मुळातच रद्दबातल, असं त्यात म्हटलंय. आमचा वकील त्यावरच भर देतोय. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप बसू नका, बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी कोर्टातल्या कायदा सेवा प्राधिकाराकडून फुकट वकील मिळतो.

उताऱ्यावर नाव चढलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. उतारा हा महसुलाचा कागद, मालकी त्यानं ठरत नाही, हे कोर्टानं कितीतरी वेळा सांगितलंय.

सध्या जमीन विकायला कोर्टाचा स्टे आहे. तरी एजंट लोक अजून प्लॉट दाखवायलेत असं ऐकतोय. बेळगावच्या आसपास प्लॉट घेणाऱ्यांनी विकणाऱ्याच्या बहिणी कुठं आहेत, त्याची आई कुठं राहते हे गावात जाऊन विचारा, नोंदणी खात्याच्या कावेरी साईटवरून ईसी (त्या जमिनीवर कुठले दस्त झालेत त्याचा दाखला) काढा, आणि त्यात अलीकडचं बिनमोबदल्याचं हक्कसोड दिसलं तर त्या बहिणींना भेटल्याशिवाय इसार देऊ नका. दावा चालू असताना घेतलेली जमीन निकालाला बांधलेली असते, पैसे तुमचे अडकतील.